टपालात काही आलं का

बाप गेला तेव्हा नेरेइदा रडली नाही. पेटी खड्ड्यात सोडली तेव्हा नाही, आणि नंतर नऊ रात्री घरात जपमाळ चालली तेव्हाही नाही. आल्यागेल्याला तिने कॉफी दिली, बिस्किटांचे डबे फोडले, शेजाऱ्यांच्या खुर्च्या ज्याच्या त्याला परत केल्या आणि दहाव्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर हजर झाली. गावाला हे काही आवडलं नाही. आमच्या डोंगरातल्या गावात माणूस मेला की रडायचं असतं, आणि शेजारच्या आळीला ऐकू जाईल असं रडायचं असतं. "दगडाची आहे," बायका म्हणाल्या. कुणी म्हणालं, बापाचं करून करून थकली होती, सुटली एकदाची. लोकांच्या तोंडाला कुणी हात लावावा?

ती सुटलीही नव्हती आणि दगडाचीही नव्हती. तिला काही लागत नव्हतं, एवढंच. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. शाळेत पाचशे पोरांचा भात ढवळताना वाफेने मनगट भाजायचं, ते तिला संध्याकाळी फोड दिसल्यावर कळायचं.

एकाच गोष्टीच्या मागे मात्र ती हात धुऊन लागली. बापाचं मेडल.

बाप म्हणजे आन्सेल्मो कीलेस. गावाला सेल्मो. चौकात, चर्चच्या बरोबर समोर, त्याचं केस कापायचं दुकान होतं. एक्कावन्न साली आमच्या प्वेर्तो रिकोच्या डोंगरांतून पोरं उचलून अमेरिकी सैन्याने कोरियात नेली, त्यांत हाही होता. ज्याने जन्मात कधी बर्फ पाहिलं नव्हतं तो बर्फात लढला, आणि तोफेच्या गोळ्याचा तुकडा डाव्या पायात घेऊन परत आला. तुकडा जपानातल्या हॉस्पिटलात काढला. लंगडणं राहिलं.

आता सैन्याचा नियम असा की शत्रूच्या हातून ज्याचं रक्त सांडलं त्याला एक खास मेडल मिळतं. गावात असे सहा-सात जण होते. नोव्हेंबरात माजी सैनिकांचा दिवस आला की ते इस्त्रीचे शर्ट घालून, छातीवर मेडल लावून चौकात रांगेत उभे राहत. बँड वाजे. सेल्मो त्या दिवशी दुकान उघडं ठेवायचा आणि चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासत बसायचा. त्याला पाय होता, मेडल नव्हतं.

"लंगडायचं मी आणि मिरवायचं यांनी," तो म्हणायचा.

रांगेतला सगळ्यात मोठा तोंडाळ म्हणजे डोन चागो. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने डोन म्हणतात, बाईला दोन्या. त्याची दोन बोटं कोरियात राहिली होती आणि त्याची वसुली तो जन्मभर जिभेने करत होता. "अरे, सेल्मोला गोळी कुठली लागायला! कोरियात गाढवाने लाथ मारली त्याला. गाढवाच्या लाथेचं मेडल असतं का कुठे?" चौक हसायचा. सेल्मोही हसायचा, गिऱ्हाईक होतं ना. पण ते गाढव त्याच्या मागे जे लागलं ते लागलंच. नेरेइदा शाळेत होती तेव्हा पोरं तिच्यामागे गाढवासारखी ओरडत, आणि एकाचा दात तिने पाडला होता.

सेल्मोने सैन्याला दोनदा लिहिलं. नोंद सापडत नाही, असं उत्तर आलं. मग तिकडे मोठी आग लागून सैनिकांचे कागद जळाले, आणि आता सापडणारही नाही, असं उत्तर आलं. तरी त्याची आशा सुटेना. रोज अकराच्या सुमारास पोस्टमन चौकात दिसला की गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा तसाच धरून हा विचारायचा, "टपालात काही आलं का?" पोस्टमन बदलले, निवृत्त झाले, एक तर वारलासुद्धा. प्रश्न तोच. दुकान बंद केल्यावर घरी विचारायला लागला. नेरेइदाला विचारायचा, जेवायला येणाऱ्या बहिणीला विचारायचा. "वीजबिल येतं, पपी," नेरेइदा म्हणायची; बापाला ती पपीच म्हणे. शेवटी हॉस्पिटलात नळ्या लावलेल्या असतानाही त्याने डोळे उघडून तेच विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. बाप-लेकीचं शेवटचं बोलणं ते.

त्याचं हृदय कमजोर झालं होतं. तो मायागुएसच्या हॉस्पिटलात होता तेव्हा नेरेइदाने आमच्या गावातली कुठलीही बाई करते तेच केलं. चर्चमध्ये मोनसेराते माउली आहे, सावळी, मांडीवर बाळ घेतलेली. तिच्या झग्यावर नवसाचे चांदीचे चिमुकले अवयव टाचलेले असतात. ज्याचा पाय बरा झाला त्याचा पाय, ज्याची नजर परत आली त्याचे डोळे. हात, कान, स्तन, पोटातली पोरं, सगळं आहे. उजव्या बाजूला हृदयं आहेत, आणि त्यांत एक बाकीच्यांपेक्षा मोठं, धुराने काळवंडलेलं, बोटांनी झिजून गुळगुळीत झालेलं. ते लागू पडतं असं म्हणतात. अंगठा ठेवायचा, डोळे मिटायचे, आजाऱ्याचं नाव घ्यायचं. नेरेइदा तीन संध्याकाळी गेली. बाप घरी आला तर वर्षभर माउलीच्या रंगाचे कपडे घालीन, असं बोलली. चौथ्या दिवशी बाप गेला. त्यानंतर तिने चर्चची पायरी चढली नाही. राग आला म्हणून नाही, तिथे जाऊन काय वाटायला हवं तेच तिला आठवेना म्हणून.

तर मेडल. माजी सैनिकांच्या क्लबात, डॉमिनोच्या टेबलांच्या मागे, डोन नीनोचं टेबल आहे. हा नीनो युद्धात टंकलेखक होता. त्याला जन्मात जखम झाली ती टाचणीची. पण सरकारी अर्ज त्याच्याइतका चिवटपणे लिहिणारा अख्ख्या डोंगरात नाही.

"मेलेल्याचं मेडल मागायचंय?" तो म्हणाला होता. "मागू की. मेलेल्याची बाजू भक्कम असते, त्याला घाई नसते."

"मला आहे," नेरेइदा म्हणाली. "त्याचं वर्ष यायच्या आत हवंय."

आमच्याकडे माणूस गेल्याला वर्ष झालं की पुन्हा सगळे घरी जमतात, जपमाळ म्हणतात, खातात-पितात, आणि त्या दिवशी मेलेल्याचं इथलं देणंघेणं संपतं. त्याला मोकळं सोडायचं. फोटोसमोर मेडल ठेवायचं आणि चागोला खुर्ची देऊन त्याच्या बरोबर समोर बसवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. त्यानंतर बापाला मोकळं सोडता येईल आणि कदाचित आपल्यालाही काही लागायला लागेल, असं तिला वाटे.

ऑगस्ट संपता संपता नीनोने तिला बोलावणं पाठवलं. वर्षाला तीनच दिवस उरले होते. ती शाळेतून तशीच, डोक्याची जाळीही न काढता गेली. नीनोने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पोरी, मेडल द्यायला ते नाही म्हणतात."

"बरं."

"बरं काय? ऐकून तरी घे. नाही म्हणतात कारण त्यांनी दिलंय. जळलं ते जळलं, पण जपानच्या हॉस्पिटलची यादी वेगळी होती, ती शाबूत आहे. बावन्न सालच्या मार्चमध्ये मेडल टपालाने घरी पाठवलं. सेल्मो हॉस्पिटलात होता, म्हणून आईच्या नावावर. दोन्या एउफ्रासिया कीलेस. पोचल्याची सही आहे."

डॉमिनोच्या टेबलावर कुणीतरी सोंगटी आपटली. नेरेइदा खिडकीतून बाहेर पाहत राहिली. बाहेर एक कुत्रा होता.

"म्हणजे आलं होतं," ती म्हणाली.

"आलं होतं. आता हरवलं म्हणून दुसरं मागता येतं, पण दीड-दोन वर्षं जातील. मागू?"

"सही कुणाची आहे?"

"एउफ्रासियाला सही कुठली येत होती? दुसऱ्या कुणीतरी केलीय." नीनोने कागदाकडे न बघताच सांगितलं, आणि मग तिच्याकडेही न बघता. "प्रोविदेन्सिया कीलेस."

प्रोविदेन्सिया म्हणजे सेल्मोची मोठी बहीण. नेरेइदाची तीती प्रोवी, तिची एकुलती एक आत्या. लग्न केलं नाही, भावाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहिली, रविवारी जेवायला यायची. ती अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. वर्षाच्या जेवणाला तुरीच्या दाण्यांचा भात करायचा होता.

"आशीर्वाद, तीती."

"देव तुझं भलं करो. बस. आणि हात रिकामे ठेवून बसू नकोस, ती पाटी घे."

नेरेइदाने पाटी घेतली. दोघी काही वेळ सोलत राहिल्या. दाणे टोपलीत पडत होते.

"तीती, पपीचं मेडल आलं होतं."

आत्याचे हात थांबले नाहीत. शेंग मोडली, दाणे काढले, साल बाजूला टाकलं. पुढची शेंग घेतली.

"कुणी सांगितलं?"

"सैन्याने. तुझी सही आहे."

"छान अक्षर होतं माझं तेव्हा," म्हातारी म्हणाली, आणि आणखी मूठभर शेंगा मांडीवर ओढल्या. पुढचं बोलली ती खाली मान घालून, शेंगांशी बोलावं तशी.

"तो तिकडे गेला तेव्हा आईने माउलीला नवस बोलला. त्याला जिवंत पाठव, आणि त्या मुलखातून त्याचं जे काही पहिल्यांदा घरात येईल ते तुझं. तिला वाटलं पगार येईल. आला असता तर पगार वाहिला असता, आणि आपण उपाशी राहिलो असतो. पण पगार अडकला कुठेतरी, आणि आधी ती डबी आली. मी उघडली. आत मखमल, आणि मखमलीवर ते. मी आईला वाचून दाखवलं काय ते. ती म्हणाली, बरं, चल. मी म्हटलं, आई, हे त्याचं आहे, त्याला बघू तरी दे. तर म्हणते, त्याला बघायचं असेल तर तो जिवंत यायला हवा. चप्पलसुद्धा घातली नाही तिने. तशीच अनवाणी गेली चर्चमध्ये."

"आणि तो आला."

"तीन महिन्यांनी. पायावर चालत आला. लंगडत का होईना, स्वतःच्या पायाने आला. आई म्हणाली, चल माउलीकडे, तिचे पाय धर. तर हा म्हणतो, मी खंदकात ओरडत होतो तेव्हा ती कुठे होती? मी नाही येत. जन्मात नाही येत. तुला माहितीये किती हट्टी होता. मग आई काय सांगणार त्याला? तुझं मेडल तिला दिलंय म्हणून? त्याच पावली जाऊन ओढून काढलं असतं त्याने."

"काढू द्यायचं होतं."

म्हातारीने पहिल्यांदा वर पाहिलं. तिला खरंच धक्का बसला होता.

"पोरी, दिलेलं परत घेतलं की तीही दिलेलं परत घेते. त्याला परत घेतलं असतं तिने. आईने मरताना माझ्याकडून शपथ घेतली. तो जगतोय तो त्या वस्तूवर जगतोय, तोंड उघडशील तर तुझ्या हाताने त्याला मारशील."

"तो रोज विचारायचा, तीती."

"माझ्यासमोर विचारायचा. रविवारी जेवताना विचारायचा. काही आलं का, प्रोवी? मी भात वाढायला आत जायची. आईला विचारायचा तेव्हा ती म्हणायची, तूच आलास की. ती हुशार होती, खोटं न बोलता निभवायची. मला तेवढं जमलं नाही." म्हातारीने पदरासारखा एप्रन उचलून नाक पुसलं. "पण विचारायला जिवंत होता ना तो? सत्तेचाळीस वर्षं विचारलं त्याने. मी दर वेळी मनात म्हणायची, विचार बाबा, विचार."

नेरेइदाला राग यायला हवा होता. ती वाट पाहत होती, पण तो आला नाही. तिला फक्त चौक दिसला. दुकानातली ती लाकडी खुर्ची, खुर्चीच्या मागे वस्तरा घेऊन उभा असलेला बाप, आणि त्याच्या डोळ्यांसमोर, रस्ता ओलांडला की, चर्चचं उघडं दार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण या माणसाने वळसाही घातला नव्हता. तो नुसता कळशाकडे तोंड करून उभा होता.

"कुठंय ते आता?" तिने विचारलं. "वितळवलं?"

"वितळवतात कशाला? आहे तिथेच आहे. झग्यावर, उजवीकडे." आत्याला तिच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तू पाहिलंयस. गावातल्या प्रत्येक बाईने पाहिलंय. हृदयाच्या आकाराचंच असतं ते मेडल, जांभळं. आईने त्याची फीत काढून टाकली आणि टाचलं. लोकांना वाटलं कुणाचं तरी हृदय बरं झालं. मग ज्याच्या घरी कुणाला काही झालं तो हात लावायला लागला. घासून घासून काळं केलं मेल्यांनी."

नेरेइदाने हातातली शेंग खाली ठेवली. मग स्वतःचा उजवा अंगठा वर करून पाहिला. त्यावर तुरीचा हिरवा डाग होता. तीन संध्याकाळी हा अंगठा त्यावर ठेवून ती बापाचं नाव घेत उभी होती.

"मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"तू चर्चमध्ये जातेस ते मला माहीत होतं," म्हातारी म्हणाली. "म्हटलं, योग्य जागी जातेय."

दुसऱ्या दिवशी नेरेइदा चर्चची पायरी चढली. सप्टेंबरच्या आठ तारखेला माउलीचा सण असतो, आणि त्याच्या आधी तिचा झगा बदलतात. चर्चची व्यवस्था पाहणारी दोन्या क्रुसीता मागच्या खोलीत जमिनीवर बसून झग्यावरचे अवयव काढत होती. समोरच्या परातीत लिंबाच्या पाण्यात हात-पाय-डोळे पडले होते. दर वर्षी ते धुऊन, पुसून नव्या झग्यावर टाचायचे, ही रीत.

"कोण? सेल्मोची लेक? आय बेंदितो, वर्षाने उगवलीस!" क्रुसीता म्हणाली. "ये, आलीच आहेस तर पाय घासायला घे."

नेरेइदाने सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही, तिच्या आवाजात चढउतार नव्हता. क्रुसीताचं तोंड उघडं ते उघडंच. मग तिने परातीत हात घालून ते मोठं हृदय बाहेर काढलं, दुपट्यात बाळ घ्यावं तसं फडक्यात घेतलं आणि पुसलं. पुढच्या बाजूला काही उरलं नव्हतं. मधल्या सोनेरी माणसाचे नाक-डोळे गावाच्या अंगठ्यांनी केव्हाच पुसून टाकले होते.

"हा संत राफाएल आहे असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले," क्रुसीता म्हणाली. "बरं करणारा म्हणून."

"अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष आहे तो."

"अगं बाई! आणि मी त्याचं चुंबन घेतलंय!"

कडेच्या खाचेत मात्र, बोट पोचत नाही तिथे, जांभळ्या रंगाची रेघ शिल्लक होती. नेरेइदाने ते उलटं केलं. मागची बाजू झग्याला टेकलेली असायची, म्हणून अक्षरं तशीच होती. इंग्रजीत होती. लष्करी कामगिरीबद्दल, असं लिहिलं होतं. आमच्याकडे नवसाची वस्तू कुणी उलटून पाहत नाही. दिली ती तिची झाली, मागून बघणं म्हणजे अविश्वास दाखवणं. त्यामुळे दर सप्टेंबरात ते धुतलं गेलं, पुसलं गेलं, आणि इतक्या वर्षांत कुणी वाचलं नाही.

"मला हे हवंय," नेरेइदा म्हणाली.

क्रुसीताने ते पटकन छातीशी धरलं. "वाहिलेलं परत देता येत नाही, पोरी. आणि हे तर नाहीच नाही. तुला माहितीये का कुणाकुणाला लागू पडलंय? तुझ्या वडिलांना नाही लागू पडलं, ते त्यांचं नशीब. पण..." ती थांबली. स्वतःचंच बोलणं तिला ऐकू आलं असावं. खाली परातीकडे पाहत ती बराच वेळ एका चांदीच्या कानावरून बोट फिरवत राहिली.

"परवा त्याचं वर्ष आहे," नेरेइदा म्हणाली.

"असं बघ," क्रुसीता हळूच म्हणाली. "सध्या झगाच नाही. जुना काढला, नवा चढायचाय. तोवर ही सगळी मंडळी परातीत लोळतायत, कुणाच्याच अंगावर नाहीत. परातीतून एखादी वस्तू इकडेतिकडे झाली तर ती परत घेतली असं होत नाही. आठ तारखेच्या आदल्या दिवशी मला ती माझ्या हातात हवी."

"आणते."

"आणि फादरना बोलू नकोस. त्यांना राष्ट्राध्यक्षाचं तर मुळीच नको."

वर्षाच्या दिवशी घर भरलं. नेरेइदाने भात केला, डुकराचं मांस भाजून आणलं, चीजचे तुकडे कापले. फोटोसमोर पांढरा रुमाल अंथरला आणि त्यावर ते ठेवलं. डोन चागोला ठरल्याप्रमाणे पहिल्या रांगेतली खुर्ची दिली. तो मेडल लावून आला होता, मेलेल्याच्या घरी जायचं म्हणजे सजूनच जावं ना. हातात काठी, आणि बसतानाच म्हणाला, "सेल्मोचा फोटो चांगला आलाय. गाढव कुठे दिसत नाही."

कुणी हसलं नाही. नेरेइदाने रुमालावरचं उचललं, उलटं केलं आणि त्याच्या हातात दिलं.

चागोने ते डोळ्यांजवळ धरलं. मग छातीवरचं आपलं मेडल उलटं करून पाहिलं. पुन्हा हातातलं पाहिलं. तीन बोटांच्या हाताने त्याने मागची अक्षरं चाचपली.

"हे कुठून आलं?"

"टपालाने," नेरेइदा म्हणाली. "बावन्न साली."

एवढ्यात जपमाळ सांगणाऱ्या बायकांपैकी एकीने मान लांब करून बघितलं आणि ती किंचाळलीच, "अगं, हे तर आपलं हृदय!"

झालं. जपमाळ राहिली बाजूला. बायका उठल्या, खुर्च्या सरकल्या, एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने दाराबाहेर उभ्या असलेल्या पुरुषांना. एकीच्या नवऱ्याला त्याच्यामुळे आराम पडला होता, एकीची नात त्याच्यावर वाचली होती. कुणाला लागूच पडलं नव्हतं तरी ती बोलत होती. एक म्हातारी सवयीने पुढे आली आणि चागोच्या हातातच त्यावर अंगठा ठेवून डोळे मिटून उभी राहिली. नेरेइदा भिंतीला टेकून हे बघत होती. इतक्या लोकांनी आपल्या बापाला हात लावलाय, असं तिच्या मनात आलं, पण ते शब्दच होते, त्याखाली काही नव्हतं.

चागोची बायको मात्र जागेवरून उठली नव्हती. ती नवऱ्याकडे पाहत होती.

"पंच्याऐंशी साली," ती म्हणाली, "तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा मी महिनाभर रोज जात होते. ह्याच्याचकडे."

चागोने तोंड उघडलं. सगळ्यांना वाटलं आता काहीतरी फटकारेल. त्याने तोंड मिटलं. मग काठीवर जोर देऊन तो उठला, फोटोपर्यंत गेला, हृदय रुमालावर ठेवलं, आणि आपल्या छातीवरचं मेडल काढून खिशात टाकलं.

"परत देणार चर्चला?" त्याने नेरेइदाकडे न पाहता विचारलं.

"द्यायचंच आहे. उसनं आणलंय."

"दे," तो म्हणाला. "गावाला लागतं ते."

इतका वेळ तीती प्रोवी दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून बसली होती. ती उठली. बायका बाजूला झाल्या. ती फोटोसमोर जाऊन उभी राहिली. रविवारी जेवायला येताना भावासमोर उभी राहायची तशी, जरा तिरकी, आत जायच्या तयारीत. पण ती आत गेली नाही.

"सेल्मो," ती म्हणाली. रोजच्या आवाजात, भात झाला म्हणून सांगावं तशी. "आलं रे. आलंय टपाल."

 फोटोतला सेल्मो होता तसाच समोर पाहत होता, वस्तरा थांबवून कुणाकडे तरी पाहावं तसा.

नेरेइदा स्वयंपाकघरात गेली. कॉफीचं भांडं उतू जात होतं. तिने फडकं न घेताच ते चुलीवरून उचललं आणि लगेच हात झटकून ओरडली. भांडं खाली पडलं. ती जमिनीवर बसली, भाजलेला अंगठा दुसऱ्या मुठीत धरून. दाताची सुई उतरली की सगळ्यात आधी दुखायला लागतं, बाकी सगळं नंतर. बाहेरून कुणीतरी विचारलं, काय झालं गं? तिला सांगता आलं नाही. "पपी," ती म्हणाली, मग पुन्हा म्हणाली, मग मोठ्याने, शेजारच्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.